मडके फिरवून पाहताना

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील शाळांत कला शिकवणाऱ्या शिक्षकाच्या हाती कधी ना कधी तो तक्ता येतोच. डाव्या बाजूला छोटी छोटी चित्रे आणि उजव्या बाजूला त्यांचे अर्थ: पायऱ्यापायऱ्यांची आकृती म्हणजे ढग, तिरक्या बारीक रेघा म्हणजे पाऊस, नागमोडी रेघ म्हणजे वीज, अस्वलाचा पंजा म्हणजे बळ. तक्त्याच्या प्रती मुलांना वाटायच्या, प्वेब्लो या इथल्या मूळ रहिवाशांच्या गावांतल्या मडक्यांची दोन छायाचित्रे समोर ठेवायची आणि ‘या दोन मडक्यांवरील चिन्हांची तुलना करा’ असा प्रश्न घालायचा. तास सुरळीत पार पडतो, उत्तरे तपासायला सोपी जातात आणि आपण काहीतरी गुपित उलगडले असे मुलांनाही वाटते. अल्बुकर्कीच्या एका शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना शिकवताना मी हा तक्ता वर्गात आणत नाही. त्यातले सगळेच अर्थ खोटे आहेत असे माझे म्हणणे नाही. त्यातले काही अर्थ प्वेब्लो कुंभारणींनी स्वतः सांगितलेले आहेत. माझा आक्षेप निराळा आहे. तक्ता हाती आला की मुले मडक्याकडे पाहणे थांबवतात. त्यांची नजर मडक्यावरून तक्त्यावर जाते आणि तिथून कोऱ्या कागदावर उतरते; मडक्याकडे ती पुन्हा वळत नाही.

त्यातही तो तक्ता नेमका कोणाचा, हे त्यावर कधी लिहिलेले नसते. प्वेब्लो हे काही एका जमातीचे नाव नव्हे. रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या पश्चिमेला न्यू मेक्सिकोत आज 19 प्वेब्लो आहेत, आणि शेजारच्या ॲरिझोनात होपींची गावे आहेत. त्यांच्यात केरेस, तेवा, तिवा, तोवा, झुनी आणि होपी या भाषा बोलल्या जातात. झुनी भाषेचे तर जगातल्या दुसऱ्या कोणत्याही भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. प्रत्येक प्वेब्लोचा कारभार वेगळा, मातीची खाण वेगळी, मातीत मिसळायची भुकटी वेगळी. चाक कोणीच वापरत नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचून मडके उभे करायचे आणि भोपळ्याच्या तुकड्याने ते आतबाहेरून खरवडून सारखे करायचे, हे मात्र सगळीकडे समान आहे. मातीला माता मानणे आणि ती खणण्याआधी तिची प्रार्थना करून परवानगी मागणे, हेही जवळजवळ सगळीकडे आढळते. एवढ्या वेगळेपणावर एकच शब्दार्थांची यादी चिकटवली की तुलनेला काही शिल्लकच राहत नाही, कारण वेगळेपण आधीच पुसून टाकलेले असते.

म्हणून माझ्या पहिल्या तासाला ‘अर्थ’ हा शब्द कोणी उच्चारायचा नाही, असा नियम आहे. इथली काही संग्रहालये शाळांना हाताळण्यासाठी मडक्यांची पेटी उसनी देतात. त्या पेटीतली लहान मडकी आणि मोठ्या मडक्यांची चारही बाजूंनी व वरून काढलेली छायाचित्रे टेबलांवर मांडलेली असतात, आणि मुलांनी फक्त जे दिसते ते लिहायचे असते. बहुतेक वेळा मी सुरुवातीला आकोमाचा पाण्याचा घडा आणि सॅन इल्डिफॉन्सोचे काळे मडके अशी जोडी ठेवते. आकोमा हे अल्बुकर्कीच्या पश्चिमेला सुमारे 100 किलोमीटरवर, शंभर मीटरांहून उंच अशा सपाट माथ्याच्या खडकावर वसलेले गाव आहे. तिथल्या मडक्यांच्या भिंती विलक्षण पातळ असतात, त्यांवर पांढऱ्याशुभ्र मातीचा लेप असतो आणि त्या लेपावर काळ्या, कधी तांबड्या-केशरी रंगात नक्षी असते. सॅन इल्डिफॉन्सो हे सांता फेच्या वायव्येला रिओ ग्रांदेच्या काठी आहे. तिथले मडके आरशासारखे चकाकते, आणि त्या चकाकीतच निस्तेज काळ्या रंगाची नक्षी उमटलेली असते.

एका वर्षी वर्गातल्या एका मुलीने पहिल्याच ओळीत लिहिले, ‘दोन्ही मडक्यांवर काळा रंग वापरला आहे.’ वाक्य निरीक्षणातून आलेले होते, म्हणून ते मी फळ्यावर लिहिले आणि विचारले, की दोन्हींवरचा काळा एकच आहे का? मुलांनी मडकी खिडकीजवळ नेली, तिरपी धरली, बोट फिरवून पाहिले. आकोमाच्या मडक्यावर काळा हा वरून दिलेला रंग आहे: लोहयुक्त दगड पाट्यावर घासून केलेली पूड आणि रानातल्या झाडाचा उकळून आटवलेला रस यांचे मिश्रण, जे भाजताना पक्के होते. सॅन इल्डिफॉन्सोच्या मडक्यावर मात्र काळा रंग कुठूनही लावलेला नाही. ते मडके भाजण्याआधी तांबड्या मातीच्या लेपाने माखलेले असते आणि तो लेप सुकण्याच्या आत गुळगुळीत दगडाने, हात न थांबवता, घोटून घोटून चकचकीत केलेला असतो. मग मडकी जाळीवर रचून भोवती गोवऱ्या लावतात, वर जुने पत्रे टाकतात, आणि आच पुरेशी चढली की सगळा ढीग घोड्याच्या लिदीच्या बारीक भुकटीने गाडून टाकतात. हवा कोंडते, धूर आत अडकतो, मातीतल्या लोहाचा प्राणवायू निघून जातो आणि कोळशाचे सूक्ष्म कण मातीच्या अंगात शिरतात. तांबडे मडके काळे होऊन बाहेर येते. तीच माती, तोच लेप, तीच घोटाई. हवा कोंडली नसती तर तेच मडके लालबुंद निघाले असते. शेजारच्या सांता क्लारा प्वेब्लोची एक लाल आणि एक काळी अशी दोन छोटी मडकी पेटीत होती. ती शेजारी ठेवल्यावर हे मुलांना समजावून सांगण्याची फारशी गरज उरली नाही.

निस्तेज काळ्या नक्षीची गोष्ट तर याहून सुंदर आहे. मारिया मार्टिनेझ (1887-1980) आणि त्यांचे पती हूलियन यांनी ही रीत 1918-20 च्या सुमारास बसवली. मारिया मडके घडवत आणि घोटत. हूलियन त्या घोटलेल्या पृष्ठावर पातळ मातीने चित्र काढत. जिथे त्यांचा कुंचला फिरला तिथली चकाकी मावळली आणि जिथे फिरला नाही तिथे ती राहिली. म्हणजे पाहणाऱ्याला जी पार्श्वभूमी वाटते ती खरी मेहनतीची घोटाई, आणि चित्र हे त्या मेहनतीवर अतिशय जपून पसरलेले पातळ आवरण. हे कळल्यावर फळ्यावरचे ते वाक्य त्या मुलीने स्वतः उठून बदलले: ‘आकोमाच्या मडक्यावर काळा काढलेला आहे, सॅन इल्डिफॉन्सोच्या मडक्यावर काळा भाजलेला आहे.’ तुलना म्हणजे काय, हे मी याहून चांगल्या शब्दांत सांगू शकले नसते. एकाही चिन्हाचा अर्थ अजून निघाला नव्हता, तरी दोन गावांमधला फरक वर्गात उभा राहिला होता.

नक्षीची तुलना करताना दुसरी गोष्ट सहज निसटते, ती म्हणजे मडक्याचा आकार. पुस्तकात मडक्याचे छायाचित्र समोरून काढलेले असते, त्यामुळे नक्षी हे जणू भिंतीवर टांगलेले चित्र आहे असे मुलांना वाटते. प्रत्यक्षात आकोमाच्या किंवा झुनीच्या पाण्याच्या घड्याचे बूड आत दबलेले असते, कारण तो डोक्यावर घेऊन वर चढायचा असे. काही वेळा डोक्यावर यक्का या रानटी झाडाच्या पानांची विणलेली चुंबळही असे. अशा घड्याचे पोट खांद्याजवळ सर्वांत फुगीर असते आणि नक्षीचा मुख्य पट्टा तिथेच बसवलेला असतो. घडा डोक्यावर असताना समोरच्याच्या नजरेत तोच भाग येतो. बुडाजवळचा भाग बहुतेक वेळा नक्षीविना सोडलेला असतो. आणि एका वेळी कोणालाही अख्खी नक्षी दिसत नाही. ती दिसण्यासाठी घडा फिरवावा लागतो किंवा आपण त्याच्याभोवती फिरावे लागते.

हे सांगून पटत नाही, करून पटते. मी मुलांना कागदाच्या लगद्याचे वाडगे देते आणि यक्काच्या पानाची टोके दगडाने ठेचून केलेले कुंचले देते. परंपरेने कुंभारणी हे पान दातांनी चावून त्याचे तंतू मोकळे करतात. वर्गात ठेचण्यावर भागवावे लागते. काम साधे दिसते: वाडग्याच्या बाहेरून एकच आकृती ओळीने काढत जायची आणि फेरी जुळवायची. पट्टी नाही, पेन्सिल नाही, आधी कागदावर आराखडा नाही. पहिली तीन घरे झोकात जातात. चौथ्यापाशी जागा अपुरी पडू लागते, आणि शेवटचे घर एकतर पिळून काढावे लागते किंवा मध्ये मोकळी फट राहते. त्यानंतर लूसी लुईस यांच्या मडक्याचे वरून काढलेले छायाचित्र मी पडद्यावर दाखवते. आकोमाच्या या कुंभारणीच्या बारीक रेघांच्या कामात शेकडो समांतर रेघा पोटापासून गळ्याकडे आवळत जातात, घड्याचा परीघ जसा कमी होतो तसतसे त्यांच्यातले अंतर कमी होत जाते आणि तरी कुठेही दोन रेघा एकमेकींना चिकटत नाहीत. स्वतःच्या वाडग्याशी झटापट केलेला मुलगा ते छायाचित्र पाहून ‘पाऊस’ असे लिहून मोकळा होत नाही. तो विचारतो, की तिने सुरुवात कुठून केली असेल? या प्रश्नासाठी मी तो सगळा पसारा मांडते. बारीक रेघा म्हणजे पाऊस, असे आकोमातच अनेकदा सांगितले जाते आणि ते मुलांच्या कानावर मी पुढे घालते. पण उतरत्या पावसाची ती दाट, सरळ, न थांबणारी लय डोळ्यांनी आधी घेतलेली असली, तर तो अर्थ बाहेरून चिकटवलेला वाटत नाही.

अर्थांचा प्रश्न वर्गात कायमचा टाळता येत नाही, टाळूही नये. आमच्या वर्गात तो एका फटीतून आला. एका जुन्या झुनी घड्याच्या छायाचित्रात गळ्याभोवती जाणारी जाड काळी रेघ एका ठिकाणी तुटलेली होती, बोटाच्या पेरापेक्षाही कमी जागा. एका मुलाने ते पाहिले आणि काढणाऱ्या बाईची चूक पकडल्याच्या आनंदात ते सगळ्यांना दाखवले. तेव्हा मागच्या बाकावरची, स्वतः एका प्वेब्लोतून शाळेत येणारी मुलगी म्हणाली, “ती चूक नाही. माझी आजीपण रेघ जोडत नाही.” “का जोडत नाही?” असे दोघातिघांनी एकदम विचारले. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, “मिस, ते मी सांगायला हवे का?” मी म्हटले, “नाही, अजिबात नाही.”

ही सुटलेली रेघ बऱ्याच प्वेब्लोंच्या जुन्या मडक्यांवर सापडते आणि तिच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रूथ बन्झेल ही तरुण मानववंशशास्त्रज्ञ 1924 मध्ये झुनीला गेली, कुंभारणींजवळ बसून स्वतः मडकी घडवायला शिकली आणि तिचा अभ्यास 1929 मध्ये प्रसिद्ध झाला. या रेघेचा संबंध कुंभारणी आयुष्याच्या वाटेशी जोडतात, ती बंद केली तर आयुष्यही बंद होते असे मानतात, हे तिने नोंदवले. म्हणजे माहिती छापील आहे, ग्रंथालयात आहे, मी ती त्याच क्षणी वाचून दाखवू शकले असते. मी दाखवली नाही, कारण त्या घटकेला वर्गातल्या त्या मुलीच्या ‘न सांगण्याला’ पुस्तकातल्या सांगण्याहून अधिक मान मिळायला हवा होता. पुढच्या आठवड्यात, तिच्याशी आणि तिच्या घरच्यांशी आधी बोलून, मी बन्झेलची ओळख वर्गाला करून दिली; पण तेव्हा प्रश्न बदललेला होता. हे कोणी सांगितले, कोणाला सांगितले, आणि कोणत्या गावात?

बन्झेलच्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच आहे, की तिने अर्थांची एक यादी करून हातावर ठेवली नाही. एकाच आकृतीविषयी निरनिराळ्या कुंभारणी निरनिराळे सांगतात, काही गावांत अर्थ भरभरून सांगितले जातात तर काही ठिकाणी नक्षीला नाव असलेच पाहिजे असे कोणाला वाटत नाही, हे तिने तसेच्या तसे मांडले. नक्षी डोक्यात घोळत असते, कधी स्वप्नात दिसते, असे सांगणाऱ्या बायका तिला भेटल्या. तक्ते करणाऱ्यांनी यातले काहीच घेतले नाही. 1880 मध्ये अल्बुकर्कीला रेल्वे पोहोचली, तिच्याबरोबर पत्र्याची आणि एनॅमलची भांडी आली आणि पाण्याच्या घड्यांची गरज ओसरली. त्याच रेल्वेने पर्यटक आले, त्यांना बॅगेत मावेल एवढे लहान मडके हवे होते आणि घरी जाऊन सांगायला त्यावरच्या चित्राचा अर्थही हवा होता. अर्थ मागणारा गिऱ्हाईक समोर उभा असला की अर्थ मिळतोच. तो दर वेळी खोटा असतो असे नाही, पण त्या देवघेवीची खूण त्याच्यावर राहते, आणि तेरा वर्षांच्या मुलांना हे नीट समजते.

म्हणून माझ्या वर्गातल्या तुलनेच्या कागदावर ‘चिन्हाचा अर्थ’ असा रकाना नाही. ‘याविषयी कोणी काय सांगितले आहे’ असा आहे. तो रकाना भरताना सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि काळ लिहावा लागतो, आणि काही सापडले नाही तर तो मोकळा सोडायचा असतो. या पद्धतीला बळ मिळाले ते सांता फेमध्ये 2022 मध्ये सुरू झालेल्या आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात गेलेल्या एका प्रदर्शनामुळे. त्यातली मडकी निवडली ती साठहून अधिक प्वेब्लो व्यक्तींनी. त्यांत कुंभारणी होत्या, लेखक होते, गावचा कारभार पाहणारे होते. प्रत्येकाने आपल्या निवडीविषयी स्वतःच्या नावाने लिहिले. कोणी आपल्या पणजीच्या घड्याविषयी लिहिले, कोणी कोणाचे आहे ते ठाऊक नसलेल्या मडक्याशी बोलावे तसे लिहिले. नक्षीचे नाव, शैली, कालखंड एवढेच लिहिणाऱ्या नेहमीच्या पाटीच्या जागी माणसाचा आवाज आला, आणि दोन मडक्यांची तुलना करताना दोन आवाजांचीही तुलना करता येऊ लागली.

काळाचा रकाना मुलांना सर्वांत जास्त चकित करतो. त्यांची समजूत अशी असते, की ही सगळी चिन्हे हजार वर्षे आईकडून मुलीकडे न तुटता आली आहेत. मग नाम्पेयो यांची ओळख होते. होपींच्या पहिल्या मेसावरील, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरावरील, हानो या तेवा वस्तीतल्या या कुंभारणीने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, ओसाड पडलेल्या सिक्यात्की गावच्या जुन्या खापरांवरची नक्षी अभ्यासून आपली शैली घडवली. 1895 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी सिक्यात्कीचे उत्खनन केले तेव्हा नाम्पेयो यांचे पती लेसू तिथे कामाला होते. पण जुन्या नक्षीकडे त्या त्याआधीच वळल्या होत्या. त्यांनी नुसती नक्कल केली नाही. जुन्या नक्षीतली मोकळी जागा, एका बाजूला झुकलेला तोल, पक्ष्याच्या पंखाचे वळण त्यांनी आत्मसात केले आणि मग स्वतःचे काढले. उतारवयात दृष्टी गेल्यावरही त्या हातांच्या अंदाजाने मडकी घडवत राहिल्या आणि मुली त्यांवर रंगकाम करत. हूलियन मार्टिनेझ यांच्या थाळ्यांवरचे गोलाकार पसरलेले पिसांचे वर्तुळ हे दक्षिणेकडच्या प्राचीन मिंब्रेस लोकांच्या मडक्यांवरून घेतलेले आहे, आणि ती मडकी त्यांच्याआधी आठ-नऊ शतकांची. सॅन इल्डिफॉन्सोजवळच्या पठारावर पुरातत्त्वज्ञ एडगर ली ह्यूएट यांचे उत्खनन चालू असताना हूलियन तिथे मजुरी करत होते. जुनी नक्षी त्यांनी तिथे आणि संग्रहालयात पाहून वहीत उतरवून घेतली. परंपरा मध्येच खंडित झाली, खणून काढावी लागली, आणि ज्यांनी ती पुन्हा हाती घेतली ते त्याच मातीचे होते. हे सगळे ‘प्राचीन चिन्हे’ या दोन शब्दांत मावत नाही.

उलट टोकाला कोचिती प्वेब्लोच्या हेलन कॉर्देरो आहेत. 1964 मध्ये त्यांनी मातीची एक बाहुली केली: डोळे मिटून, तोंड उघडून बसलेला आजोबा आणि त्याच्या अंगाखांद्यावर पाच मुले. त्यांचे स्वतःचे आजोबा सांतियागो क्विंताना हे गोष्टी सांगण्यात नामांकित होते, आणि ही बाहुली त्यांची. आज अशा गोष्टी सांगणाऱ्या बाहुल्या कितीतरी प्वेब्लोंत होतात आणि अनेकांना त्या हजार वर्षे जुन्या वाटतात. इथे चिन्हाचा जन्म, वर्ष, कर्ती आणि कारण सगळे माहीत आहे. वर्गातल्या कागदावर हा रकाना काठोकाठ भरतो आणि शेजारचा, सुटलेल्या रेघेचा, जवळजवळ मोकळा राहतो. दोन्ही कागद मी भिंतीवर शेजारी शेजारी लावते.

एकाच आकृतीच्या दोन गावांतल्या रूपांवरही थोडा वेळ घालवावा असे मला वाटते. अवान्यू हा शिंगे असलेला पाण्याचा सर्प सॅन इल्डिफॉन्सोत बहुधा निस्तेज काळ्यात रंगवलेला भेटतो, तर सांता क्लारात तो बहुतेक वेळा ओल्या मातीत खोल कोरलेला असतो, इतका की बोट फिरवून त्याची वळणे मोजता येतात. सांता क्लाराच्याच मार्गारेट तफोया (1904-2001) यांच्या प्रचंड रांजणांवर अस्वलाचा पंजा आहे. तो काढलेला नाही, मातीत दाबून उमटवलेला आहे. दुष्काळात अस्वलाने माणसांना पाण्याची वाट दाखवली, ही त्यामागची गोष्ट त्यांच्याकडे सांगितली जाते. ती गोष्ट मुलांना आवडते, पण मी त्यांना डोळे मिटून आधी तो ठसा चाचपायला सांगते.

आता अशा एका चिन्हाविषयी, जे आमची मुले दिवसातून वीस वेळा पाहतात. न्यू मेक्सिकोच्या पिवळ्या झेंड्यावरचा लाल सूर्य हा झिया प्वेब्लोच्या एका मडक्यावरून घेतलेला आहे. हॅरी मेरा या वैद्य आणि पुरातत्त्व-अभ्यासकाने तो झेंडा आखला आणि 1925 मध्ये राज्याने तो स्वीकारला. त्यासाठी झियाला कोणी विचारले नाही. आज तो सूर्य मोटारींच्या नंबरपाट्यांवर, टी-शर्टांवर, दुकानांच्या पाट्यांवर आहे. हे आपले पवित्र चिन्ह आहे आणि ते वापरण्याआधी विचारावे, असे झियाचे लोक कित्येक दशके सांगत आले आहेत. मराठी वाचकाला हे लगेच कळेल, कारण लग्नघरात सवाशिणींनी पालघाट देवीसाठी लिहिलेल्या वारली चौकाचे पुढे चहाच्या कपांवर आणि चादरींवर काय झाले ते आपण पाहिले आहे. आमच्या शाळेत राज्याच्या झेंड्याला सलामी देताना मुले त्या सूर्याला ‘एकत्र आलेल्या संस्कृतींच्या परिपूर्ण मैत्रीचे झिया चिन्ह’ म्हणतात. त्या वाक्यातली मैत्री खरी व्हायची असेल, तर मडके कोणाचे होते हे सलामी देणाऱ्याला माहीत असले पाहिजे, असे मी मुलांना स्पष्ट सांगते.

आणि काही मडकी मी वर्गात दाखवतच नाही. मिंब्रेसच्या वाडग्यांवरचे ससे, मासे, टोळ इतके जिवंत आहेत की ते पाहताच मुलांचे हात शिवशिवतील, यात शंका नाही. पण त्यांतले कितीतरी वाडगे तळाला भोक पाडून मृताच्या चेहऱ्यावर पालथे घातलेले होते, आणि तिथून ते उकरून काढलेले आहेत. थडग्यातल्या वस्तू मूळ समाजांना परत देण्याविषयीचा अमेरिकेचा कायदा 1990 चा आहे. जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनी अशा वस्तू मांडण्याआधी त्या समाजांची संमती घेणे बंधनकारक केले आणि अनेक संग्रहालयांनी आपली दालने झाकली. संग्रहालय झाकते ते शाळेच्या पडद्यावर उघडे टाकणे मला शोभत नाही. न दाखवण्याचे कारण मात्र मी सांगते, आणि त्यावर होणारी चर्चा दाखवून झाली असती त्याहून अधिक चांगली होते. केवा प्वेब्लोच्या कुंभारणी विक्रीच्या मडक्यांवर माणसांच्या आकृती काढत नाहीत, कारण तिथल्या धर्मप्रमुखांची त्याला मनाई आहे. ठसठशीत त्रिकोण, अर्धवर्तुळे आणि सोडलेल्या जागा यांतूनच त्यांनी आपली भाषा केली. काय काढले आहे याबरोबर काय काढलेले नाही, हाही तुलनेचा भाग होतो.

यंदा मी जोड्या बदलल्या. आकोमाच्या घड्याशेजारी सॅन इल्डिफॉन्सोचे मडके न ठेवता पिकुरिसचे ठेवले. ताओस आणि पिकुरिस या उत्तरेकडच्या प्वेब्लोंची माती अभ्रकाची असते; मडके भाजून निघाले की अंगभर बारीक सोनेरी चमक उठते आणि त्यावर नक्षी बहुधा नसतेच, फार तर काठाशी मातीची एखादी उठावदार वळी किंवा भाजताना उमटलेला धुराचा काळा ढग. चिन्हांचा तक्ता घेऊन बसले तर या मडक्याविषयी लिहिण्यासारखे एक अक्षर नाही, आणि त्यामुळेच धड्यांतून ते नेहमी गळते. अभ्रकामुळे माती थेट विस्तवावर तडकत नाही, म्हणून ही मडकी रांधायला आजही वापरली जातात आणि त्यांत शिजलेल्या घेवड्याची चव न्यारी असते, असे इथले लोक आवर्जून सांगतात. आकोमाच्या मडक्याची माती न तडकण्यासाठी तिच्यात जुन्या फुटक्या मडक्यांची खापरे कुटून मिसळलेली असतात. सॅन इल्डिफॉन्सोत त्याच कामासाठी ज्वालामुखीची राख घालतात. तुलनेच्या कागदावर एका मुलाने या वेळी नक्षीचा रकाना रिकामा ठेवला आणि पाठपोट मातीविषयीच लिहिले: एकात आज्यांची मडकी दळून घातली आहेत, दुसऱ्यात डोंगराची चमक आधीपासूनच आहे. खाली त्याने एक प्रश्न लिहिला होता, की आकोमाच्या एखाद्या घड्यातले सर्वांत जुने खापर किती पिढ्यांपूर्वीचे असू शकेल? आम्ही वर्गात फळ्यावर हिशेब मांडायला घेतला. प्रत्येक नव्या मडक्यात जुन्याची भुकटी, त्या जुन्यात त्याहून जुन्याची, असे मागे मागे जाताना फळा अपुरा पडला आणि तास संपला. पुढच्या तासाला आम्ही तो तिथूनच पुढे नेणार आहोत.